मनोविकार विभागासाठी सरकारी निधी कसा मिळवायचा: ठाणे आणि नवी मुंबईतल्या टीचिंग हॉस्पिटलांसाठी

मी नोकरीत होतो तेव्हा आमच्या मनोविकार विभागाबाहेर, जिन्याखाली, एक लाकडी पेटी पडून होती. आत नवंकोरं ईसीटी यंत्र, म्हणजे मेंदूला विजेचा सौम्य झटका देऊन करायच्या उपचाराचं. प्रस्ताव मंजूर झाला, निविदा झाली, यंत्र आलं, खर्च झाल्याचा दाखलाही वरती गेला. यंत्र मात्र दीड वर्ष लागलंच नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ९५ प्रमाणे भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी देता येत नाही. म्हणजे भूलतज्ज्ञ हवा, ऑक्सिजनची लाइन हवी, शुद्धीवर येईपर्यंत रुग्णाजवळ बसणारी सिस्टर हवी. यातलं काहीच प्रस्तावात मागितलेलं नव्हतं, कारण प्रस्ताव लिहिणाऱ्याला (तो मीच) ‘यंत्रसामग्री’ या रकान्यात काय भरायचं एवढंच सांगितलं होतं. वॉर्डातल्या मावशी त्या पेटीवर डबा ठेवायच्या. त्या काळात गंभीर नैराश्याचे रुग्ण आम्ही चिठ्ठी देऊन लोकलने मुंबईला पाठवत होतो. स्वतःहून जेवतही नाही असा माणूस गर्दीच्या गाडीत चढवायचा, तेही सोबत एकच नातेवाईक असताना. ते दृश्य अजून डोळ्यांपुढून जात नाही.

ठाणे जिल्ह्यातल्या एका टीचिंग हॉस्पिटलच्या कार्यालयात माझी बरीच वर्षं गेली. प्रस्ताव, लेखाशीर्षं (अर्थसंकल्पात खर्च ज्या खात्याखाली दाखवतात ते), त्रुटीचे कागद हेच काम. त्यातून जे समजलं ते इथे क्रमाने लिहितो आहे. विभागप्रमुख, निवासी डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, रुग्णांच्या पालकांचे गट, नगरसेवक यांपैकी ज्याला आपल्या भागातल्या मनोविकार विभागाला पैसा मिळावा असं वाटतं, त्याच्यासाठी.

एक गोष्ट आधीच सांगतो, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हृदयाच्या विभागात कॅथलॅब लागते, हाडांच्या विभागात इम्प्लांट लागतात. मनोविकार विभागात माणसं लागतात. डॉक्टर, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मनोविकार सामाजिक कार्यकर्ता आणि या कामाचं प्रशिक्षण घेतलेली परिचारिका, हीच तिथली यंत्रसामग्री. सरकारी यंत्रणेत यंत्राला पैसा लवकर मिळतो, इमारतीला त्याहून लवकर, आणि माणसाच्या पदाला सगळ्यात उशिरा. म्हणून प्रस्तावात हा क्रम बदलायचा: आधी पदं, मग जागा, शेवटी सामान.

पायरी १: रुग्णालय कुणाचं आहे ते ठरवा

हे वाचून हसू येईल, पण निम्मे प्रस्ताव इथेच चुकतात. एकाच शहरात चार मालक आहेत आणि प्रत्येकाचा पैसा वेगळ्या दारातून येतो.

ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचं. राज्यात अशी चार आहेत: येरवडा (२,५४० खाटा), ठाणे (१,८५० खाटा), नागपूर (९४० खाटा) आणि रत्नागिरी (३६५ खाटा). ही चारही सार्वजनिक आरोग्य विभागाची. ठाण्याचं जिल्हा रुग्णालयही त्याच विभागाचं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. दोन्ही विभाग मंत्रालयातच बसतात, पण त्यांचे सचिव वेगळे, अर्थसंकल्पातल्या मागण्या वेगळ्या, आणि एकाची फाईल दुसऱ्याकडे गेली की परत यायला महिने लागतात.

कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि त्याला जोडलेलं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय ठाणे महापालिकेचं. वाशी, नेरूळ आणि ऐरोलीची सार्वजनिक रुग्णालयं नवी मुंबई महापालिकेची, आणि त्या महापालिकेने आपल्या रुग्णालयांत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणही सुरू केलं आहे. इथे पैशाचा पहिला मालक महापालिका, म्हणजे आयुक्त, स्थायी समिती आणि महासभा. राज्याचं अनुदान आलं तर ते नंतर.

नेरूळ आणि कामोठ्याची खासगी वैद्यकीय महाविद्यालयं चौथ्या गटात येतात. त्यांना इमारतीसाठी किंवा पदांसाठी सरकारी पैसा मिळेल अशी आशा धरू नये. विमा योजनांच्या दाव्यांतून आणि काही ठरावीक कार्यक्रमांतूनच मिळतो.

आणखी एक बारीक गोष्ट. नवी मुंबई म्हणून आपण जे शहर ओळखतो ते दोन जिल्ह्यांत आहे. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात, खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि जिल्हा नियोजन समिती दोन्ही जिल्ह्यावर चालतात. खारघरच्या रुग्णांसाठी मागणी ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे नेली तर ती अलिबागचा रस्ता दाखवून परत येणार.

पायरी २: मागणीचे दोन ढीग करा

कोरा कागद घ्या, मधे उभी रेघ मारा. डावीकडे एकदाच होणारा खर्च लिहा: वॉर्डाचं बांधकाम, खिडक्यांच्या सुरक्षित जाळ्या, समुपदेशनाच्या बंद खोल्या, ईसीटीची खोली, मानसशास्त्रीय चाचण्यांचे संच, ग्रंथालय. उजवीकडे दर महिन्याला होणारा: पगार, निवासी डॉक्टरांचं विद्यावेतन, औषधं, आहार, कपडे धुणं.

राज्याच्या अर्थसंकल्पात डावी बाजू बहुतेक ४२१० या भांडवली शीर्षाखाली जाते आणि उजवी २२१० या महसुली शीर्षाखाली. २२१० म्हणजे वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य. या दोन आकड्यांची ओळख एवढ्यासाठी सांगितली की मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न ‘लेखाशीर्ष कोणतं?’ हाच असतो, आणि उत्तर आलं नाही की फाईल टेबलाच्या दुसऱ्या बाजूला सरकते.

उजव्या ढिगातल्या प्रत्येक ओळीसमोर एक प्रश्न लिहा: योजना संपल्यावर हा पगार कोण देणार? याचं उत्तर पायरी ६ मध्ये लागणार आहे.

पायरी ३: आपले आकडे आपणच गोळा करा

इथे घाई करू नका. २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि त्यात महाराष्ट्र नव्हता. त्या पाहणीत सज्ञान लोकांपैकी सुमारे १०.६ टक्क्यांना त्या वेळी मानसिक आजार असल्याचं आढळलं. प्रस्तावात हा आकडा द्या, पण तेवढ्यावर थांबलात तर वित्त विभागाचा माणूस विचारेल की तुमच्या ओपीडीचं काय?

त्याचं उत्तर तुमच्या रजिस्टरात आहे. आमच्याकडे ओपीडीची जाड नोंदवही होती, रेघा हाताने मारलेल्या. त्यात नाव, वय, निदान, औषध एवढेच रकाने. आमच्या मॅडमनी आणखी चार रकाने मारले: रुग्ण कुठून आला, पहिल्यांदा आला की परत, कुठे पाठवला, आणि चाचणीसाठी किती दिवसांनंतरची तारीख दिली. सहा महिन्यांत त्या शेवटच्या रकान्याने जे दाखवलं ते कुठल्या अहवालात नव्हतं. मुलाच्या बौद्धिक क्षमतेच्या चाचणीसाठी शहापूर-मुरबाडहून आलेल्या आईला आम्ही चार-चार महिन्यांनंतरची तारीख देत होतो. त्या चाचणीशिवाय दिव्यांग प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्राशिवाय त्या मुलाला कुठली सवलत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं एक पद का हवं, हे पटवायला आम्हाला तेवढा रकाना पुरला.

किमान १२ महिन्यांचं हे गोळा करा: नव्या आणि जुन्या रुग्णांची वेगळी संख्या, खाटा किती आणि भरलेल्या किती, इतर विभागांतून मनोविकार विभागाकडे मत मागायला आलेले रुग्ण (विष प्यालेले, भाजलेले, बाळंतपणानंतरचे, हा आकडा नेहमी विसरला जातो), व्यसनमुक्तीचे रुग्ण, बाहेर पाठवलेले रुग्ण, आणि मंजूर पदं किती, भरलेली किती. नावं कुठेही देऊ नका. कायद्याने रुग्णाची माहिती गोपनीय आहे.

पायरी ४: योग्य दार निवडा

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा. त्यातल्या मनुष्यबळ विकासाच्या भागात टीचिंग हॉस्पिटलसाठी दोन योजना आल्या. ‘अ’ योजनेत मोठ्या मानसिक आरोग्य संस्थांना उत्कृष्टता केंद्राचा दर्जा आणि निधी, अकराव्या पंचवार्षिक योजनेत केंद्रामागे ३० कोटींपर्यंत. देशभरात अशी २५ केंद्रं मंजूर झाली. आपल्या राज्यातलं पुण्याचं महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थान पहिल्या ११ मधलं. प्रत्येक केंद्राने दर वर्षी ४ मनोविकारतज्ज्ञ, १६ क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, १६ मनोविकार सामाजिक कार्यकर्ते आणि २० परिचारिका घडवाव्यात अशी ती आखणी होती. हे प्रमाण नीट पाहा. एका डॉक्टरमागे चार सायकॉलॉजिस्ट! आपल्याकडच्या विभागांत हे चित्र नेमकं उलटं दिसतं.

‘ब’ योजना त्याहून लहान आणि आपल्या कामाची. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात किंवा रुग्णालयात या चार विषयांचे पदव्युत्तर विभाग सुरू करायला किंवा बळकट करायला ती होती, विभागामागे साधारण एक कोटीच्या आत. या योजनेतून १९ संस्थांमधल्या ४७ विभागांना मदत मिळाली. दोन्ही योजनांत अर्ज राज्यामार्फत जातो, म्हणून त्या वर्षी तरतूद आहे का ते आरोग्य सेवा संचालनालयाच्या मानसिक आरोग्य कक्षात प्रत्यक्ष जाऊन विचारा. फोनवर ‘बघतो’ एवढंच उत्तर मिळतं.

पदव्युत्तर जागा वाढवायच्या असतील तर सध्या सगळ्यात मोठं दार वेगळं आहे. २४ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने केंद्रपुरस्कृत योजनेचा तिसरा टप्पा मंजूर केला: ५,००० पदव्युत्तर आणि ५,०२३ एमबीबीएस जागा, जागेमागे १.५० कोटींची मर्यादा, कालावधी २०२५-२६ ते २०२८-२९, एकूण १५,०३४.५० कोटी, त्यात केंद्राचा वाटा १०,३०३.२० कोटी. सरकारी महाविद्यालयांबरोबरच केवळ पदव्युत्तर शिक्षण देणाऱ्या सरकारी संस्था आणि सरकारी रुग्णालयंही यात बसतात. मोठी प्रादेशिक रुग्णालयं आणि जिल्हा रुग्णालयं यांच्यासाठी हे महत्त्वाचं आहे. धोका एकच. महाविद्यालयं जागा मागताना मेडिसिन, सर्जरी, रेडिओलॉजी आधी लिहितात आणि मनोविकार शेवटच्या ओळीत राहतो, किंवा राहतच नाही. विभागप्रमुखांनी अधिष्ठात्यांच्या (डीनच्या) बैठकीआधीच आपली मागणी लेखी दिलेली असली पाहिजे, आवक क्रमांकासह.

महाविद्यालय नसलेल्या रुग्णालयाला राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या डीएनबी या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा मार्ग आहे. विद्यावेतनाचा भार रुग्णालयावर येतो, पण वॉर्डात चोवीस तास निवासी डॉक्टर राहतो हा फायदा पैशात मोजता येत नाही.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला, कर्नाटकातल्या बेल्लारीच्या प्रयोगावरून. बाराव्या पंचवार्षिक योजनेत जिल्ह्याला वर्षाला ८३.२ लाखांपर्यंत मदत ठरली होती. आता हा पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतो, केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. मागणी जिल्ह्याच्या कृती आराखड्यातून, म्हणजे पीआयपीतून करायची. २०२२-२४ पासून तो दोन वर्षांचा झाला आहे, म्हणजे एकदा चुकलं की दोन वर्षं चुकलं. हा निधी जिल्हा रुग्णालयाचा असला तरी टीचिंग हॉस्पिटलला त्याचा उपयोग आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा आरोग्य यंत्रणेत काम करणं बंधनकारक आहे. ते तीन महिने या कार्यक्रमाच्या पथकाबरोबर तालुक्याच्या ओपीडीत घालवायचे असा लेखी करार करा. विद्यार्थी शिकतो, मुरबाडच्या रुग्णाला तिथेच डॉक्टर भेटतो, आणि आराखड्यात वाहनाची, औषधांची मागणी करायला तुम्हाला आधार मिळतो.

फारसं कुणी ठोठावत नाही असं एक दार सामाजिक न्याय मंत्रालयाचं आहे. अमली पदार्थांची मागणी कमी करण्याच्या राष्ट्रीय कृती आराखड्यातून सरकारी रुग्णालयांत व्यसनोपचार केंद्रं चालवली जातात, आणि दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्र त्यांचं समन्वयन करतं. यातून डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक आणि औषधं असा खर्च भागतो. ठाण्यासारख्या जिल्ह्यात दारू आणि इतर व्यसनांचे रुग्ण मनोविकार ओपीडीतला मोठा हिस्सा असतात. आरोग्य खात्याच्या अर्जात ते फक्त एका आकड्यात राहतात. इथे मात्र त्यांच्यासाठीच पैसा आहे.

जिल्हा नियोजन समितीतून यंत्रसामग्री, रुग्णवाहिका, दुरुस्ती होते. आमदार-खासदार निधी आणि कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी यांतूनही सामान येतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कंपन्या पुष्कळ आहेत. पण यातल्या कशातूनही कायमचं पद मिळत नाही, हे लक्षात ठेवा. यांच्याकडे डावा ढीग न्यायचा, उजवा नाही.

आणि विमा. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेच्या पॅकेजांत मानसिक आजार आहेत, आणि ती योजना राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबरोबर चालते. मनोविकार वॉर्डातल्या रुग्णाचा दावा करायचं राहूनच जातं, कारण आरोग्यमित्र (रुग्णालयात या योजनेचं काम पाहणारा माणूस) शस्त्रक्रियेच्या वॉर्डांत फिरत असतो. त्याला आठवड्यातून दोनदा आपल्या वॉर्डात बोलवा.

पायरी ५: मान्यतांचे कागद आधी जमवा

एका मनोविकार विभागावर तीन वेगवेगळ्या परिषदांची नजर असते. एमडीच्या जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडे. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि तिची पदवी भारतीय पुनर्वास परिषदेकडे. परिचर्येचा अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेकडे. त्यावर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता. प्रत्येकाची अध्यापकसंख्येची अट वेगळी. निधी आला आणि मान्यता नाही, किंवा मान्यता आली आणि प्राध्यापक निवृत्त झाला, असे दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत. विभागातल्या प्रत्येक अध्यापकाची निवृत्तीची तारीख प्रस्तावाच्या तक्त्यात लिहाच.

शिवाय २०१७ च्या कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे मानसिक आरोग्य आस्थापनेची नोंदणी लागते, सर्वसाधारण रुग्णालयातल्या मनोविकार वॉर्डालाही. त्या प्रमाणपत्राची प्रत जोडा.

पायरी ६: प्रस्ताव लिहिणं

लांबलचक प्रास्ताविक लिहू नका. ‘मानसिक आरोग्य ही काळाची गरज आहे’ या वाक्याने कुणाचीही फाईल पुढे गेलेली मी पाहिलेली नाही. पहिल्या पानावर चार गोष्टी: काय हवं, किती रुपये, कोणत्या शीर्षातून, आणि न मिळाल्यास आज काय होतं आहे. शेवटच्या मुद्द्यात तुमच्या रजिस्टरातला सगळ्यात बोलका आकडा.

दुसऱ्या पानावर कायदा. कलम १८ ने सरकारी खर्चाने चालणारी मानसिक आरोग्य सेवा हा प्रत्येकाचा हक्क केला आहे, आणि दारिद्र्यरेषेखालच्या किंवा बेघर रुग्णांना सरकारी आस्थापनेत मोफत उपचार. किमान सेवा जिल्ह्यात मिळत नसेल तर त्या रुग्णाला जिल्ह्यातल्या दुसऱ्या आस्थापनेत उपचार घेता येतात आणि तो खर्च सरकारने सोसायचा असं हेच कलम सांगतं. वित्त विभागासाठी हा मुद्दा मोलाचा, कारण पद न भरण्यालाही किंमत आहे हे त्यातून दिसतं. त्याहून महत्त्वाचं कलम ३१. मानसिक आरोग्य व्यावसायिकांची संख्या आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्यासाठी सरकारने कायदा लागू झाल्यापासून १० वर्षांत प्रयत्न करायचे आहेत. कायदा २९ मे २०१८ ला लागू झाला. म्हणजे मुदत मे २०२८ ची. आज एमडीला घेतलेला विद्यार्थी तीन वर्षांनी बाहेर पडतो. हे गणित प्रस्तावात सरळ मांडा.

आता पदं. राज्याच्या रुग्णालयात नवं पद हवं तर विभाग, वित्त विभाग आणि उच्चस्तरीय सचिव समिती असा प्रवास आहे. ‘आकृतिबंधात (मंजूर पदांच्या तक्त्यात) पद आहे पण रिक्त आहे’ आणि ‘आकृतिबंधात पदच नाही’ ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्याला भरतीचा पाठपुरावा लागतो, दुसऱ्याला पदनिर्मिती. दोन्ही एका परिच्छेदात घातली की उत्तर येतं, ‘रिक्त पदं भरल्यानंतर नवीन पदांचा विचार करण्यात येईल’, आणि फाईल बंद.

महापालिकेच्या रुग्णालयात अडचण वेगळी. आकृतिबंधाला नगरविकास विभागाची मान्यता लागते आणि आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या आत ठेवायची अट असते. त्या अटीपुढे बागकाम, कर विभाग आणि मनोविकार विभाग सगळे एका रांगेत उभे राहतात. हे मला मनापासून चुकीचं वाटतं. टीचिंग हॉस्पिटलचा अध्यापक हा कार्यालयीन आस्थापना नव्हे. हा मुद्दा महासभेत आणि विधानसभेत सतत मांडत राहायला हवा. तोवर वाट एकच: परिषदेच्या किमान निकषांचं पान जोडायचं आणि लिहायचं की हे पद नसेल तर या जागांची मान्यता धोक्यात येते.

शेवटी हमीपत्र. केंद्राच्या योजनेत मुदत संपल्यावर आवर्ती, म्हणजे दर महिन्याचा, खर्च राज्य उचलेल अशी लेखी हमी लागते. ती प्रस्तावाबरोबरच घ्या, नंतर नाही. पायरी २ मधल्या उजव्या ढिगाचं उत्तर म्हणजे हा कागद. सही सचिव पातळीची हवी, आणि रक्कम अक्षरी लिहिलेली हवी.

पायरी ७: वर्षाचं वेळापत्रक

राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला जातो, पण विभागांची आकडेमोड त्याआधी कितीतरी महिने सुरू होते. माझा अनुभव असा की सप्टेंबर संपण्यापूर्वी प्रस्ताव संचालनालयात पोचला नाही तर ते वर्ष गेलं. राहिलंच तर पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्या हा दुसरा मार्ग. त्यासाठी आमदारांना डिसेंबरमध्ये नागपूरला भेटण्यापेक्षा ऑक्टोबरात ठाण्यातच भेटा. महापालिकेसाठी दिवाळीपूर्वी आरोग्य विभागाकडे आणि लेखा विभागाकडे एकाच दिवशी प्रत द्या.

पायरी ८: बाहेरून पाठपुरावा

पालक किंवा नागरिक असाल तर माहितीचा अधिकार हे तुमचं साधन. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, शुल्क १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. न मिळाल्यास किंवा अपुरं मिळाल्यास ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचं शुल्क लावून. प्रश्न ‘निधी का मिळत नाही’ असा विचारू नका, त्याला उत्तर नसतं. असा विचारा: ‘मनोविकारशास्त्र विभागातील मंजूर, भरलेल्या व रिक्त पदांची संवर्गनिहाय संख्या; गेल्या तीन आर्थिक वर्षांत या विभागासाठी प्राप्त निधी, झालेला खर्च व परत केलेली रक्कम; पदनिर्मितीच्या शेवटच्या प्रस्तावाचा जावक क्रमांक व दिनांक.’ बस, एवढंच. ‘परत केलेली रक्कम’ हे तीन शब्द विसरू नका.

पायरी ९: पैसा आल्यानंतर

खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत गेलं नाही तर पुढचा हप्ता येत नाही. राज्यांसाठी केंद्राच्या वित्तीय नियमांतला १२-सी हा नमुना आहे. मार्चमध्ये घाईने चाचणी संच आणि खुर्च्या घेऊन पैसा ‘संपवू’ नका. एप्रिलपासून दर महिन्याला खर्चाचा तक्ता विभागात भिंतीवर लावा, सिस्टर आणि मामांनाही दिसेल असा. काय कमी आहे ते तेच आधी सांगतात.

आणि पदांच्या मुदतवाढीच्या तारखा. नवीन पदं सुरुवातीला अस्थायी असतात, त्यांना पुढे चालू ठेवण्याचा शासन निर्णय ठरावीक काळाने काढावा लागतो. मी पाहिलेल्या एका रुग्णालयात तो तीन महिने उशिरा निघाला. सायकॉलॉजिस्ट मॅडमचा पगार थांबला. त्यांनी दोन महिने तशीच ओपीडी चालवली, तिसऱ्या महिन्यात कोपरखैरण्याच्या एका खासगी दवाखान्यात गेल्या. ज्या मुलांना तारखा दिल्या होत्या त्यांच्या आया ठरल्या दिवशी आल्या. त्यांना परत पाठवायचं काम माझ्याकडे होतं. खर्डीहून आलेल्या एकीने फाईल पिशवीतून काढून टेबलावर ठेवली आणि विचारलं, ‘साहेब, मग आता कधी येऊ?’ माझ्याकडे द्यायला तारीख नव्हती.

मुदत संपण्याच्या चार महिने आधीची तारीख विभागाच्या, कार्यालयाच्या आणि अधिष्ठात्यांच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहा, आणि त्या दिवशी पत्र जावक करा.